धुळमाळचं चालतं ऑफिस

"बघू की, कोन आधी दमतंय."

गोजाबाईच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. चढावर अडून राहिलेल्या घोड्याला ती हे म्हणायची, गुंता सुटेना झालेल्या लोकरीला म्हणायची, आणि सून नवी होती तेव्हा चुलीपाशी दोघींची जुंपली की तिलाही म्हणायची. म्हणताना आवाज चढायचा नाही. डोक्यावरचा पदर सारखा करायची, एक पाय जरा पुढं टाकून उभी राहायची आणि दारात आलेल्या पाहुण्याला पाणी विचारावं तसं सावकाश बोलायची. त्या सावकाशीनंच समोरचा अर्धा गळून जायचा.

मोडनिंब सोडून पश्चिमेला निघालं की आधी डाळिंबाच्या बागा लागतात, मग ज्वारी लागते, मग ज्वारीही विरळ होत जाते आणि शेवटी नुसता खडीचा माळ उरतो. त्या माळाच्या कुशीत धुळमाळ ही धनगरांची वस्ती आहे. गोजाबाई तिथं लग्न होऊन आली. जन्म मात्र तिचा वाटेवरचा. मेंढरं चारणीला नेली असताना कुठल्याशा शिवारात ती जन्मली. गाव कोणतं, ते तिच्या आईलाही सांगता यायचं नाही. हरभरा घाट्याला आला होता, एवढं मात्र आईला पक्कं आठवायचं. म्हणून गोजाबाईच्या घरी हरभऱ्याचे घाटे भरले की तिचा वाढदिवस असतो. कधी आठ दिवस आधी, कधी पंधरा दिवस उशिरा. पाऊस ठरवेल तसा.

शाळा तिनं बाहेरूनच पाहिली. अक्षरं तिला रस्त्यानं शिकवली. मेंढरांच्या मागून चालताना मैलाचे दगड लागायचे. बाप येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "दगडावर काय लिव्हलंय, पावनं?" पाहुणा सांगून पुढं जायचा आणि पोरगी तिथंच उभी राहून दगडाकडं बघत बसायची. 'क' तिला करमाळ्यानं दिला, 'म' मोडनिंबानं दिला, 'स' सोलापुरानं. काने-मात्रे चहाच्या टपऱ्यांच्या पाट्यांवरून जमले. पुढं ती वर्तमानपत्र वाचायला लागली तेव्हा वाचता वाचता पाय हलवायची. बसून वाचणं तिला कधी जमलंच नाही.

नवरा श्रीमंत. नावाचा श्रीमंत म्हणून लोक हसत, पण माणूस समाधानी. दिवसभर मेंढरांमागं असायचा आणि संध्याकाळी दिवसभराचे चार शब्द घेऊन घरी यायचा. त्यांच्या घरी, सगळ्या वस्तीतच, बायका लोकर पिंजून सूत कातत आणि पुरुष खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणत. विणून झालं की ताठपणासाठी चिंचोक्याची खळ लावत. धुळमाळचं घोंगडं अंगावर टाकलं की पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. हे मी म्हणत नाही, ज्यांनी घेतलं ते म्हणतात.

सोलापुरात भवानी पेठेत लोकरीचा एक संघ होता. अध्यक्ष वीरभद्रप्पा, तीन पिढ्यांचे लोकरीचे व्यापारी. घरात कानडी, दुकानात मराठी. संघानं वस्त्यांवस्त्यांवर केंद्रं काढली होती, आणि धुळमाळचं केंद्र म्हणजे गोजाबाईच्या घराची पुढची खोली. एक पत्र्याची पाटी, एक वजनकाटा, कोपऱ्यात घोंगड्यांची चळत. बायका सूत आणून घालायच्या, गप्पा मारायच्या, निघायच्या. एरवी नवऱ्याला आणि सासऱ्याला विचारून बोलणाऱ्या बायका त्या खोलीत मोकळ्या हसायच्या. गोजाबाईला केंद्राचं काम आवडायचं ते यासाठी. सुताचं वजन तर कुणीही केलं असतं.

मग संघात मृत्युंजय नावाचा मॅनेजर आला. तरुण, शिकलेला, बोलायला गोड. त्यानं ठरवलं की आता सगळं ऑनलाइन. ऑर्डर, माल, हजेरी, मीटिंग, सगळं एकाच जागी, आणि सगळ्या केंद्रांना एकाच वेळी दिसणारं. भवानी पेठेत ट्रेनिंग झालं. गोजाबाई सुनेला, सोनालीला, घेऊन गेली. सोनाली करमाळ्याची, बारावी झालेली, हात चलाख. बाकीच्या केंद्रांवरचे कारकून मागच्या खुर्च्यांवर बसून जांभया देत होते. गोजाबाई पुढच्या रांगेत बसून पाय हलवत होती.

"मावशी, कळतंय का?" मृत्युंजयनं विचारलं.

"न कळायला काय झालं? एका फळ्यावर समद्यांनी लिव्हायचं आन समद्यांनी वाचायचं. चावडीवर हेच व्हतं की."

मृत्युंजय हसला. "अगदी बरोबर. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी हे माइकचं चित्र दाबून बोलायचं. अक्षरं आपोआप उमटतील."

हे माइकचं चित्र पुढं फार नडलं.

वस्तीवर आल्यावर सभासदांची नावं भरायची होती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. एकेका बाईनं फोन तोंडाशी धरून बोलायचं. स्वतःचं नाव सगळ्यांनी घेतलं. नवऱ्याच्या नावापाशी गाडी अडली. बसव्वा म्हणजे गोजाबाईची शेजारीण, माहेर अक्कलकोटाकडचं. तिनं फोन बाजूला धरला आणि म्हणाली, "अक्का, असं कोरडं नाव कसं घ्यायचं गं? मी जलमात घेतलं न्हाय."

"मग जसं घेतीस तसं घे. फोनला काय कळतंय?"

बसव्वानं पदर सावरला आणि फोनला सांगितलं:

"बांधावरल्या बोरीला बोरं लागली गोड,
बिरुदेवांचं नाव घेते, फोन आता सोड."

मग काय, लग्नघरासारखी रांग लागली. कुणी उखाण्यात चांदीचं ताट आणलं, कुणी मोगऱ्याची वेणी. ज्या बायकांनी पंचवीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्यांनी त्या दुपारी दोन-दोनदा घेतलं, पहिलं नीट उमटलं नाही म्हणून. सोनाली हसून हसून खाली बसली होती. तिला वाटलं, आत्या रात्री सगळं नीट करायला सांगतील. गोजाबाईला ते करण्यासारखं काही वाटलंच नाही. नाव विचारलं, नाव दिलं.

दुसऱ्या दिवशी भवानी पेठेतून फोन. "मावशी, नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात गाणी कसली भरलीत?"

"गानी न्हाईत. नावं हायती. शेवटपातूर वाचा."

"अहो, पण सॉफ्टवेअर घेत नाही ना ती."

"मग त्येला सांगा, लगीन झालेली मानसं अशीच नाव घेत्यात."

मृत्युंजयनं ती नावं स्वतः बसून सरळ केली. वाईट नव्हता तो. पण संघात ही गोष्ट पसरली आणि धुळमाळ म्हटलं की लोक 'उखाण्याचं केंद्र' म्हणू लागले. गोजाबाईच्या कानावर आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की बरं झालं, निदान केंद्राला नाव तरी पडलं.

हसण्यावारी गेलं ते तेवढंच. खरी आडकाठी पुढं होती.

संघाची शीट संध्याकाळी सहाला बंद व्हायची. सहाच्या आत दिवसाचं काम भरलं तर ते काम, नाहीतर त्या दिवशी केंद्रापुढं शून्य. आणि धुळमाळला रेंज म्हणजे माहेरचा माणूस. कधी येईल सांगता यायचं नाही, आला तर टेकायचा नाही. पंचायतीत नेटची एक पेटी बसवून गेले होते. तिच्यावर हिरवा दिवा लागायचा होता, तो काही लागला नाही. रस्त्याच्या कामात वायर तुटली म्हणत, कुणी म्हणे वायर आलीच नव्हती. पेटीवर एक चिमणी घरटं करून राहिली.

घरात फोनवर रेंजची एक काडी दिसायची. सोनाली घोंगड्यांचा आकडा टाकायची, आणि पडद्यावर गोल चक्कर फिरत राहायचं. फिरता फिरता सहा वाजायचे. काम झालेलं असायचं, घोंगडी कोपऱ्यात चळतीनं पडलेली असायची, हात लावून बघा, आणि भवानी पेठेत धुळमाळपुढं शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. ग्रुपवर मोडनिंबच्या केंद्रातल्या कुणीतरी लिहिलं, 'धुळमाळला झोपेची स्पर्धा आहे काय?' खाली हसरी तोंडं.

सोनालीनं ते वाचून दाखवलं आणि फोन उशाखाली टाकला. "आत्या, सोडा हे. वहीत लिव्हत हुतो त्येच बरं हुतं."

"वहीत लिव्हलं तर ते वाचाया भवानी पेठेतनं कोन येनार हितं?" गोजाबाई म्हणाली. "न्हाय सोनाली. हे आलंय ते चांगलंच आलंय. माझं घोंगडं मी हितं बसून सोलापुराला दाखवते, मधी कोन दलाल न्हाय. सोडायचं ते त्येंनी सोडावं, मी का सोडू? खोट ह्यात न्हाय, खोट वाटंत हाय."

"मग काय करायचं?"

बाहेर श्रीमंत मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, घालत होता. गोजाबाई उठून दारात गेली.

"अवं, चारताना तुमचा फोन कुटं कुटं वाजतो?"

श्रीमंतानं विचार केला. "सकाळी बिरोबाच्या टेकाडावर वाजतो. दुपारचं तितं काय न्हाय. दुपारी तळ्याच्या बांधावर, बाभळीच्या अंगाला. ढग असलं तर खडकाळीत. कशाला?"

गोजाबाईला जे हवं होतं ते मिळालं. तिच्या आईनं आयुष्यभर तेच केलं होतं. इथला चारा सरला की उद्या कुठं, हे आदल्या दिवशी पुरुष सांगायचे आणि पहाटे बायका बिऱ्हाड घोड्यावर लादायच्या. भांडी, पीठ, कोंबड्या, तान्हं पोर, सगळं. पुरुषांचा चहा पिऊन होईस्तोवर मागं तीन काळे दगड आणि राख उरायची, दुसरं काही नाही. चारा एका जागी राहत नाही म्हणून कुणी कधी मेंढरं विकली नव्हती. माणसं चालत होती.

दुसऱ्या सकाळी ऑफिस घोड्यावर चढलं. संघाचा लॅपटॉप जुन्या घोंगडीत गुंडाळला, वजनकाटा पोत्यात घातला, बसायला दोन घोंगड्या, सावलीला ताडपत्री. सुताच्या पेंडी बायकांच्या डोक्यावर. खोलीला कुलूप लागलं आणि बायकांची रांग टेकाडाकडं निघाली. वस्तीतले म्हातारे पारावरून बघत राहिले. एकानं विचारलं, "गोजाबाई, तळ कुटं हलवला?"

"जितं काड्या उगवल्यात तितं."

टेकाडावर बिरोबाच्या देवळामागं तीन काड्या मिळाल्या. सूत तिथंच मोजलं, तिथंच भरलं, आणि शीटवर धुळमाळपुढचं शून्य गेलं. दुपारी तळ्याचा बांध. पुढं पुढं श्रीमंतच नव्हे, वस्तीतले सगळे मेंढके फोन उंच धरून माळ हिंडायला लागले आणि संध्याकाळी येऊन चाऱ्याची बातमी द्यावी तशी रेंजची द्यायला लागले. "दर्ग्याच्या मागं चांगली हाय, पर वारा लई." "विहिरीपाशी गेली आता, टॉवरचं डिझेल सरलं म्हनं." कुणाच्या तरी तोंडातून बाहेर पडलं, 'चालतं ऑफिस', आणि तेच नाव राहिलं.

रोज जमायचंच असं नाही. कधी तिन्ही जागा कोरड्या निघायच्या, कधी टेकाड चढेस्तोवर काड्या मावळायच्या, आणि शून्य पडायचं ते पडायचं. त्या शून्यांचा राग येऊन सोनालीनं वस्तीची आपली एक शीट उघडली. तिला सहाचं कुलूप नव्हतं. जेव्हा रेंज येईल तेव्हा, ज्या दिवशीचं काम त्या दिवसापुढं. तिच्यात प्रत्येक घोंगड्याचा फोटो, कुणाच्या मेंढराची लोकर, कुणी कातली, कुणी विणली. फोटो बघायला म्हणून तिनं ती वस्तीवर येऊन घोंगडी नेलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांनाही पाठवली. एक दिवस फोटोखाली एका पुण्याच्या दुकानाचे शब्द उमटले: 'काळं, पांढऱ्या किनारीचं अजून आहे का?' सोनालीनं तिथंच उत्तर लिहिलं. बसव्वानं विचारलं, "कोण हाय गं हे?" सोनाली म्हणाली, "पाव्हनं."

पावसाळा सरला आणि भवानी पेठेतून नोटीस आली. ज्या केंद्रांची नोंद अनियमित ती बंद करून मोडनिंबच्या केंद्रात मिळवणार. त्यावर ऑनलाइन मीटिंग. जे हजर नसतील त्यांची संमती आहे असं धरलं जाईल.

मोडनिंब धुळमाळहून एका बसच्या अंतरावर, आणि ती बस येते का नाही हा रोजचा प्रश्न. म्हाताऱ्या बायका तिथं जाणार नव्हत्या, लेकुरवाळ्यांना कुणी जाऊ देणार नव्हतं. केंद्र हललं असतं म्हणजे वस्तीतला चरखा थांबला असता आणि त्या एका खोलीतलं हसणं थांबलं असतं. हे कुणाला सांगावं लागलं नाही. मीटिंगच्या सकाळी न बोलावता सगळ्या बायका टेकाडावर हजर होत्या. बसव्वानं घोड्याच्या गळ्यातला घुंगरू काढून ठेवला होता, मीटिंगमध्ये वाजेल म्हणून.

लॅपटॉप दगडावर ठेवला. एकेक चेहरा चौकटीत उगवला. वीरभद्रप्पा अध्यक्षांच्या खुर्चीत, शेजारी मृत्युंजय, बाकीच्या केंद्रांचे लोक. तोंडं हलत होती. आवाज मात्र शून्य.

सोनालीनं खटपट केली. "आत्या, त्येंचा आवाज हिकडं येत न्हाय. आपला तिकडं जातोय. सायबांनी अंगठा दाखवला."

"माजा जातोय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं की."

गोजाबाई लॅपटॉपसमोर उभी राहिली. मीटिंगला बसायचं असतं हे तिला माहीत होतं, पण बसून तिला शब्द सुचत नसत.

"अप्पा, रामराम. तुमचं काय आयकू येत न्हाय, तवा मीच बोलते. आमी हजर हाय. आमची संमती न्हाय. हे पयलं लिवून घ्या. आता दुसरं. तुमी म्हनता आमची नोंद येत न्हाय. सूत येतं का न्हाय? येतं. घोंगडी येत्यात का न्हाय? येत्यात. मग थांबलंय काय? वायर थांबलीया. वायरीला नोटीस काढा. आमाला कशाला काढता? तुमी सांगितलं फोन घ्या, घेतले. सांगितलं शिका, शिकलो. ज्या बाईनं कधी पेन धरला न्हाय, ती आज शीट उघडती. तुमच्या मोडनिंबच्या कारकुनाला इचारा, त्येला जमतं का माइकवर नाव घ्यायला. आमी नेटापायी टेकाड चढतो. तुमी आमच्यापायी ते सहाचं कुलूप काढत न्हाय. कोन मागं ऱ्हायलंय, सांगा."

पडद्यावर लोक एकमेकांकडं बघत होते. एक जण हात वर करून काहीतरी ओरडत होता. गोजाबाई बोलत राहिली. सुताबद्दल बोलली, पेटीवरच्या चिमणीबद्दल बोलली, बसव्वाच्या गुडघ्यांबद्दल बोलली.

मध्येच कसं कोण जाणे, लॅपटॉपमधून आवाज फुटला. "...गोजाबाई, थांबा जरा, वेळ संपली. गोजाबाई, ऐकू येतंय का?"

आलं होतं. स्वच्छ आलं होतं. सोनालीनं चमकून सासूकडं बघितलं. गोजाबाईची पापणी हलली नाही. इतकी वर्षं संघाच्या मीटिंगा झाल्या, तिनं तोंड उघडलं की दुसऱ्या वाक्याला कुणीतरी 'थांबा जरा' म्हणायचं. आज पहिल्यांदा ते तिच्यापर्यंत पोहोचणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. ही संधी ती सोडणार नव्हती.

"आन तिसरं," ती म्हणाली.

मृत्युंजयकडं तिचा आवाज बंद करायचं बटण होतं. त्याचा हात पुढं सरकलेला तिला दिसला. मग तो हात तिथंच थांबला, आणि त्यानं तो हनुवटीखाली घेतला.

तिसरं झालं, चौथं झालं. शेवटी वीरभद्रप्पा कपाळ चोळत मृत्युंजयला म्हणाले, "हिला ऐकू येत नाही, आपल्याला बोलता येत नाही. मी स्वतः जाऊन बघून येतो. त्याशिवाय हे मिटायचं नाही."

"या की, अप्पा," गोजाबाई लगेच म्हणाली. "पर केंद्रावर नका जाऊ, तितं कुलूप आसंल. मेंढरं दिसतील तिकडं या."

हिला ऐकू येतंय, हे आता पडद्यावर सगळ्यांना कळलं. मग पहिला हसला तो मृत्युंजय, आणि वीरभद्रप्पांनी त्याच्याकडं बघितल्यावर हसू गिळलं तेही त्यानंच.

अप्पा आले. हिवाळ्यातलं ऊन, माळावर वारा. गाडी टेकाडाच्या पायथ्याशी थांबली. अप्पा काठी टेकत चढले, मृत्युंजय लॅपटॉपची पिशवी सांभाळत मागून. वर देवळामागं ऑफिस चाललं होतं. बायका घोंगड्यांवर गोल बसून सूत मोजत होत्या, सोनाली भरत होती, घोडं ताडपत्रीच्या दोरीला बांधलेलं. श्रीमंत खालच्या उताराला मेंढरं घेऊन उभा होता. गोजाबाईनं तांब्यातून पाणी दिलं. बसायला नवं घोंगडं टाकलं. अप्पांनी बसण्याआधी त्याची किनार दोन बोटांत धरून बघितली. व्यापाऱ्याची बोटं, त्यांना राहवत नाही.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "माल वाईट असं मी कधी म्हटलं नाही. गोजाबाई, ऐक. मी भांडायला आलो नाही. मोडनिंबला नवी खोली घेतलीय. पंखा आहे, खुर्च्या आहेत, नेट चोवीस तास. तिथली प्रमुख तू हो. तुझ्या सुनेलाही घे. असं घोड्यावर ऑफिस फिरवायचं तुझं वय आहे का?"

"आन ह्या?"

अप्पांनी बायकांकडं बघितलं. "ज्यांना येता येईल त्या येतील."

"येनार न्हाईत, अप्पा. तुमाला बी ठाव हाय."

"मग मी काय करू? एका वस्तीसाठी सगळ्यांचा नियम मोडू?"

"मोडू नका की. कुलूप तेवढं काढा."

अप्पा मृत्युंजयकडं वळले. मृत्युंजय म्हणाला, "काढता येतं, अप्पा. मी मागंच म्हटलं होतं. पण मग सगळीच केंद्रं उशीर करतील, असं तुम्ही म्हणालात."

"आजही तेच म्हणतो." अप्पांचा आवाज कडक झाला. "शिस्त म्हणजे शिस्त. मोडनिंबला येत नसाल तर धुळमाळ केंद्र बंद. उद्या तसं लिहून काढतो."

सूत मोजणारे हात थांबले. बसव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली. ते अप्पांना समजलं असावं, कारण त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

गोजाबाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

"काढा लिवून. तुमच्या शीटवर बंद. हितं चालू." तिनं सोनालीकडं हात केला. "दाव त्येंला."

सोनालीनं लॅपटॉप फिरवला. वस्तीची शीट. फोटो, नावं, किनारी, आणि कडेला गिऱ्हाइकांचे निरोप. पुण्याचं दुकान, बेळगावचं एक, आणखी कोण कोण. मृत्युंजय खाली वाकला आणि वाचत राहिला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला काय म्हणावं, अभिमान म्हणावं तर मॅनेजरला तो शोभणारा नव्हता.

"हे कुणी शिकवलं?" अप्पांनी विचारलं.

"तुमीच की," गोजाबाई म्हणाली. "पुढल्या खुर्चीत बसून शिकले मी. तुमची पाटी आजपातूर दारावर लावली, ती सोनाली उद्या पुसून, तेल लावून परत धाडंल. वजनकाटा तुमचा, लॅपटॉप तुमचा, ह्यो घ्या. आमच्या फोनात मावतंय आमचं. तुमचं नाव गेलं तर सोपं जानार न्हाय, हे मला ठाव हाय. पयल्या वर्साला लई वढ बसंल. बसू दे."

"गोजाबाई, विचार कर. मी काय तुझा वैरी आहे?"

"न्हाय, अप्पा. वैरी आसता तर पानी दिलं नसतं."

तेवढ्यात सोनाली म्हणाली, "आत्या, गेली."

रेंज गेली होती. एकही काडी नव्हती. दुपार कलली की टेकाडावरची जायचीच.

"उठा गं," गोजाबाई म्हणाली. "बांधावर."

अप्पा घोंगड्यावरून उठेपर्यंत ताडपत्री उतरली होती. पेंडी बांधल्या गेल्या, दोन्ही घोंगड्या घोड्यावर पडल्या, दोर आवळले गेले. अप्पांच्या पायाखालचं घोंगडं मात्र कुणी उचललं नाही. शेजारी दगडावर संघाचा लॅपटॉप आणि वजनकाटा नीट पुसून ठेवले होते. गोजाबाईनं अप्पांना हात जोडले, मृत्युंजयला मान हलवली, घोड्याची दोरी धरली आणि उताराला लागली. मागं बसव्वा, मागं सोनाली, मागं सगळ्या. कुणी मागं वळून बघितलं नाही. खालून श्रीमंतानं त्यांची दिशा बघितली आणि शीळ घालून मेंढरं तिकडंच वळवली.

अप्पा टेकाडाच्या कडेला आले. बायकांची रांग बाभळींपर्यंत पोहोचली होती. सगळ्यात पुढं गोजाबाई, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात उंच धरलेला फोन.

"फोन लाव तिला," अप्पा म्हणाले. "म्हणावं, कुलपाचं बोलू. थांब म्हणावं."

मृत्युंजयनं फोन काढला, कानाला लावला, खाली घेतला.

"इथं रेंज नाही, अप्पा."

दोघं तिथंच उभे राहिले. वाऱ्यानं मृत्युंजयच्या शर्टाची बाही फडफडत होती, आणि तो तळ्याच्या बांधाकडं, चालत लहान होत जाणाऱ्या गोजाबाईकडं बघत होता.